आसरांचा दहीभात

लेक सुट्टीत मोबाइलवर एक जपानी अ‍ॅनिमे बघायची. तिच्या नादानं मीही बसायला लागलो. त्यात फार काही घडायचं नाही. तळ्याकाठची एक पोरगी रोज संध्याकाळी पायरीवर भाताचा गोळा ठेवायची आणि सकाळी तिला ताटली धुतलेली मिळायची. भात कोण खातं, ते कधी दाखवलंच नाही. एका दुपारी त्या धुतलेल्या ताटलीवर माझे डोळे भरून आले. शाळेत विज्ञान शिकवणारा माणूस मी!

आई मागं उभी राहून बघत होती.

आमच्या गावी, बोरीला, घरच्या विहिरीच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड आहेत. त्या आसरा, पाण्यातल्या बाया. आई दर अमावास्येला त्यांना दहीभात ठेवते. गेल्या वर्षी तिथं हात जोडून उभ्या असलेल्या आईचा फोटो मी मास्तरांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘आमच्या घरचं विज्ञान’. सगळे हसले. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं; पण कोण काय म्हणालं, ते मी आईला वाचूनही दाखवलं. लय हुशार ना मी!

मोबाइलवरची नजर न काढता आई म्हणाली, “चांगली हाय पोरगी. हिला घरचं कोणी हसत न्हाई का रे?”

लेक माझ्याकडे बघायला लागली.

वर्षभर आई दहीभात पदराखाली झाकून विहिरीवर नेते आहे. मी समजत होतो, माशा बसू नयेत म्हणून.