आज पलीकडचा कोण?

यशवंत गुरुजींची माझी पहिली भेट झाली ती त्यांच्या वर्गाच्या दाराबाहेर, आणि खरे सांगायचे तर त्या भेटीत मला ते बरेच विक्षिप्त वाटले. साताऱ्याकडून बदली होऊन मी नंदुरबार स्टेशनवर उतरलो, बैलगाडीने दिवसभर हाडे खिळखिळी करून घेतली आणि तापीकाठच्या त्या शाळेत पोचलो. गावाचे नाव मुद्दामच लिहीत नाही. पुढे जे सांगणार आहे त्यातली माणसे आज आम्हा सर्वांची जिवाभावाची आहेत. गुरुजी पानिपतची लढाई शिकवत होते. मराठी फौजेची वाताहत सांगून झाली, मुले अगदी रडवेली झाली, आणि गुरुजींनी विचारले, "आज पलीकडचा कोण?" मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि शत्रूच्या शिपायाच्या तोंडाने बोलू लागला. त्यालाही घर सोडून किती काळ झाला, थंडीत त्याचा घोडा कसा मेला, असे काहीबाही. मी थक्क! मनात म्हटले, हे गृहस्थ एक तर नोकरी घालवतील, नाहीतर डोके फोडून घेतील.

नोकरी गेली नाही. डोक्याचे पुढे सांगतो.

त्यांच्या शिकवण्याची ही रीतच होती. इतिहास असो की कविता, जो हरला, ज्याचा राग येतो, त्याच्या बाजूने कुणीतरी एकाने बोललेच पाहिजे; आणि ते असे, की पलीकडच्याने स्वतः ऐकले तर मान डोलवावी. कवितेतल्या राक्षसालाही त्यांच्या वर्गात वकील मिळत असे. शौर्य शिकवताना त्यांचा आवाज चढे, मुठी वळत. पण तास संपण्यापूर्वी पलीकडचा उभा राहिल्याशिवाय घंटा द्यायची नाही, असा शिपायाला दंडक होता. त्या वर्गात मी चोरून किती तास बसलो असेन, सांगवत नाही.

माणूस म्हणून त्यांचा लोभ बोलण्यापेक्षा करण्यातच अधिक. माझी पत्नी हिवतापाने अंथरुणाला खिळली तेव्हा रोज सकाळी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी आणि गरम कढी आमच्या ओसरीवर येऊन पडे. मी आभार मानायला गेलो तर म्हणाले, "मास्तर, तुमना साताराना पोटले कळना पचस का, ते पाहत व्हतू." पचला. इतका की आता दुसरे काही गोड लागत नाही.

पण आज त्यांच्या साठीनिमित्त मला लिहायचे आहे ते एका दुपारविषयी. त्या गावी कपाशीची वेचणी झाली की झाडावर राहिलेली बोंडे भिलाटीतल्या, म्हणजे भिल्लांच्या वस्तीतल्या, बायांनी वेचून न्यायची, आणि तोवर शेतात गुरे सोडायची नाहीत, असा रिवाज. त्या साली भगवानभाई या मोठ्या गुजर शेतकऱ्यांनी बाया येण्याआधीच गुरे सोडली. भिलाटीतले, गावाची राखण करणारे जागले दामाभाऊ त्यांच्या दारात जाऊन चार शब्द बोलले, भगवानभाईंनीही आवाज चढवला. आणि त्यानंतर लवकरच भगवानभाईंच्या खळ्यातली कडब्याची गंजी पेटली.

गावाला पुरावा कशाला हवा? भर दुपारी लाठ्या आणि पेटते पलिते घेऊन जमाव भिलाटीकडे निघाला, पुढे भगवानभाई. तिकडे दामाभाऊंसह पुरुषांनी धनुष्ये काढली, बायांनी पोरे आत ओढली. झोपड्या कुडाच्या आणि गवताच्या. एक ठिणगी पुरे होती. गुरुजी शाळेतून तसेच निघाले आणि मी त्यांच्या मागे. मी दहा पावले मागेच राहिलो, हे कबूल करतो. भिलाटीच्या तोंडाशी कुणाची तरी बाज पडली होती. ती त्यांनी वाटेत आडवी ओढली आणि तिच्यावर मांडी घालून बसले.

जमावातून एक दगड आला. गुरुजींच्या कपाळातून रक्ताची धार लागली. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून जखमेवर दाबली. दगड कुठून आला हे पाहायला मानसुद्धा वळवली नाही; नजर समोर होती तशीच.

"भगवानभाई," ते म्हणाले, "पहिले तुम्ही दामाभाऊनं गाऱ्हानं सांगा. त्यासले पटाले पाहिजे."

"मन्हा कडबा खाक व्हयना, नि मी त्यानं सांगू?"

"हा. तुमनं दामाभाऊ सांगतीन."

त्या जमावात गुरुजींच्या हाताखालून गेलेले कितीतरी तरुण होते. त्यांच्यातला एक नकळत पुटपुटला, "आज पलीकडला कोन?" आणि दुसऱ्याच्या हातातला पलिता खाली आला. भगवानभाई मोठ्या कष्टाने बोलू लागले, "दरसाल यासन्या बाया बोंडं येचतस. औंदा... औंदा मी पहिलेच गुरं सोडी दिधात." स्वतःचेच बोलणे त्यांनी जणू पहिल्यांदा ऐकले होते. दामाभाऊंनी धनुष्य जमिनीवर ठेवले. "त्यासनी दावनले बैल शेतस, पन चारा नही. उन्हायामा काय खातीन त्या?"

आग कोणी लावली ते आजतागायत कळलेले नाही. झोपड्या मात्र जशाच्या तशा उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी भिलाटीतले लोक डोंगरातून गवताचे भारे घेऊन भगवानभाईंच्या खळ्यात उतरले, आणि तेव्हापासून बाया शेतातून बाहेर पडल्याशिवाय भगवानभाईंनी एकही जनावर आत जाऊ दिलेले नाही. असा माणूस माझा सहकारी होता, हे सांगताना माझी छाती आजही फुगते.

या गौरव अंकासाठी आम्ही मंडळी संमती मागायला गेलो तेव्हा गुरुजींनी काय विचारावे? "स्तुती करणारे पुष्कळ मिळतील. यात पलीकडचा कोण?" गुरुजींविरुद्ध बोलणारा आणायचा कुठून? तेवढ्यात आमच्याबरोबर आलेले भगवानभाई उठले. वयाने आता वाकले आहेत. म्हणाले, "मी शे. लिखा. तो दगड मी मारा व्हता. गुरुजीसले माहीत व्हतं. इतला सालमा त्यासनी माले एकदाव बी इचारं नही. हाई मन्हं गाऱ्हानं."

गुरुजी शांतपणे म्हणाले, "पहिले मन्हं सांगा, भगवानभाई."

"तुमनं असं शे: माले इचारं असतं, ते मी 'नही' म्हनी देतू. एक खोटं आनखी वाढतं."

गुरुजींनी मान डोलवली. मग कपाळावरच्या खुणेवरून बोट फिरवत म्हणाले, "आते तुमनं मी सांगस. मी इचारं असतं, ते हाऊ भार तुमले एकलाले इतला साल वाहाना पडता नही." आणि पुढे, "भगवानभाई, तुमनं खरं शे. चुकनं मन्हं."

आयुष्यभर दुसऱ्यांना पलीकडे उभे करणारे गुरुजी त्या दिवशी स्वतःच्याच रीतीने हरले, आणि इतके आनंदाने हरताना मी कुणाला पाहिलेले नाही. भगवानभाई त्यांच्या पायाशी वाकू लागले तर गुरुजींनी त्यांना उठवून आपल्या शेजारी बसवले. दोघांचेही डोळे भरले होते, आमचेही.

गुरुजींना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. कळण्याची भाकरी त्यांना पचत राहो, आवाज असाच खणखणीत राहो. हा अंक त्यांच्या हाती पडेल तेव्हा त्यांच्या आज्ञेवरून पहिले पान भगवानभाईंच्या गाऱ्हाण्याचे असेल. आमची स्तुती त्यानंतर.