हवावाल्यांचं नाक

प्रसूतिगृहाच्या गच्चीवर हवा मोजायचं यंत्र बसलं आणि ते सांभाळायला जे गृहस्थ येऊ लागले, त्यांना गल्लीने हवावाले करून टाकलं. सडपातळ, बोलायला कमी, पन्नाशी ओलांडलेले. खांद्याला बर्फाचा डबा, हातात काचेच्या नळ्यांची पेटी, असे ते सकाळी जिने चढत. यंत्राचा पंप आसपासची हवा ओढून घेई आणि नळ्यांतल्या द्रावणातून बुडबुडत नेई. काही तासांनी नळ्या बदलायच्या, भरलेल्या नळ्या बर्फात ठेवायच्या आणि संध्याकाळी प्रयोगशाळेत पोचवायच्या. तिथे केमिस्टबाई आणखी काही थेंब घालत, मग द्रावणाला रंग चढे. रंग जितका गडद, तितका वायू जास्त. त्यावरून आकडा निघे, आणि देशाने ठरवून दिलेल्या मर्यादेशी तो ताडून पाहिला जाई. हवावाले त्या नळ्या तळहातावरच्या फोडासारख्या जपत. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून एकही फुटली नव्हती.

त्यांची एक गोष्ट मात्र बायकोखेरीज कोणालाच ठाऊक नव्हती. काही वर्षांपूर्वी एका तापात त्यांना वास येईनासा झाला, तो पुन्हा आलाच नाही. आधी वाटलं, सर्दी असेल. मग एकदा ओट्यावर दूध करपून घरभर धूर झाला तरी हे पाठ करून पेपर वाचत बसलेले, तेव्हा बायको घाबरली. डॉक्टरांनी नाकात बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, आला तर येईल. पुढे लेकीला मुलगी झाली. नात मांडीवर दिली तेव्हा सवयीने त्यांनी तिच्या टाळूला नाक टेकवलं. पोर ऊबदार होती, मऊ होती, पण वास म्हणून काही नाही, जशी काही काचेपलीकडची. ते उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. बायकोने तेवढ्यावरून ओळखलं. कोणी काही विचारायच्या आत "त्यांच्या डोळ्यात काहीतरी गेलंय" म्हणून तिने वेळ मारून नेली.

ऑफिसात त्यांनी याचा पत्ता लागू दिला नाही. हवेच्या खात्यातल्या माणसालाच नाक नाही म्हटल्यावर आपल्याला घरी बसवतील, अशी त्यांना धास्ती. बरोबरचा कोणी 'काय घाण सुटलीय' म्हणून रुमाल काढला, की हेही मुकाट्याने काढत.

एका उन्हाळ्यात गल्लीत वास सुटला. नासक्या अंड्यासारखा, ऊन चढेल तसा वाढत जाणारा. पोरांना मळमळायचं, मोठ्यांची डोकी ठणकायची. प्रसूतिगृहाच्या फाटकाशी टेबल टाकून बसणाऱ्या इस्त्रीवालीच्या तर पोटावरच पाय आला. घड्या घातलेल्या कपड्यांना वास बसे आणि गिऱ्हाइकं गठ्ठे परत आणून आपटत. त्याच फाटकावर एक फळा होता. हवावाले दर आठवड्याला त्यावर प्रयोगशाळेतून आलेले आकडे लिहीत आणि खाली एक शब्द: मर्यादेत.

एका दुपारी ते जिना उतरत होते, तर खाली इस्त्रीवाली आणि चार-पाच बायका वाट अडवून उभ्या. इस्त्रीवाली तोंडाची फटकळ, सगळी गल्ली तिला वचकून असे. तिने फळ्याकडे बोट केलं.

"मर्यादेत म्हणजे कोणाच्या मर्यादेत, भाऊ? आमची तर केव्हाच संपली."

हवावाल्यांनी समजावून पाहिलं. यंत्र ठणठणीत आहे, आकडे खरे आहेत, त्यात आपण काडीचाही फेरफार करत नाही. हे सगळं खरंच होतं आणि त्यातलं एक अक्षरही त्या बायकांच्या उपयोगाचं नव्हतं.

"यंत्राचं राहू द्या," इस्त्रीवाली म्हणाली. "तुम्ही इथे दिवसभर असता. घरी नातवंडं असतील ना? त्यांची शपथ घेऊन सांगा, वास येतो की नाही?"

हो म्हणून टाकलं असतं तर सगळ्या खूश झाल्या असत्या. पण नातीची शपथ निघाली आणि त्यांची जीभ अडली. पेटी खाली पायरीवर ठेवून ते म्हणाले, "मला कसलाच वास येत नाही, ताई. तापात नाक गेलं माझं."

मग मागची एक फिसकन हसली. हवा तपासायला माणूस पाठवला, तोही बिननाकाचा, असं ती म्हणाली आणि बाकीच्याही हसल्या. इस्त्रीवाली हसली नाही.

"नातवंडांचाही नाही येत?" तिने हळूच विचारलं.

त्यांनी मान हलवली. तिने मागे वळून बायकांकडे अशी नजर टाकली की सगळ्यांचे दात ओठांत गेले. मग टेबलाखालचं स्टूल ओढून तिने त्यांना बसायला दिलं.

बसल्यावर हवावाल्यांनी पहिल्यांदाच विचारलं, वास येतो म्हणजे नेमका कसा, कुठून, केव्हा. बायका सांगू लागल्या. तळमजल्यावर फार, वरच्या माळ्यांवर कमी. न्हाणीघरात तर उभं राहवत नाही. एकीने गळ्यातली चांदीची साखळी काढून दाखवली. चारदा घासली, तरी पुन्हा काळी ती काळीच. हे मात्र हवावाल्यांना दिसत होतं. साखळी त्यांनी बराच वेळ हातात धरून ठेवली.

संध्याकाळी त्यांनी केमिस्टबाईंना सगळं सांगितलं. साखळीचं नाव काढताच त्या सावरून बसल्या. हा गटारात तयार होणारा वायू, त्या म्हणाल्या, हवेपेक्षा जड, खालीखालीच रेंगाळतो. आपलं यंत्र गच्चीवर, आणि देशाच्या यादीतल्या ज्या वायूंसाठी आपण नळ्या भरतो, त्यांत हा मुळात नाहीच. म्हणजे आकडे खरे आणि बायकाही खऱ्या. मग हवावाल्यांनी मान खाली घालून आपल्या नाकाचंही सांगून टाकलं. बाईंनी चष्मा काढला.

"म्हणून परवा फिनेलची बाटली उघडी टाकून तुम्ही शेजारी डबा खात बसला होतात! अहो काका, नाकाने हवा मोजता आली असती तर या प्रयोगशाळेचं काय काम होतं? कोण काढतंय तुम्हाला?"

इतक्या वर्षांचं ओझं असं हसण्यावारी गेलं, याचं त्यांना थोडं वाईटच वाटलं.

मोठ्या साहेबांनी मात्र यादीबाहेरचं काही मोजायला नकार दिला. ते वाईट नव्हते. नियमावर बोट ठेवून नोकरी केलेले होते. तेव्हा केमिस्टबाईंनी एका द्रावणात बुडवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या दिल्या. हा वायू लागला की पट्टी काळवंडते. नळ्या बदलून झाल्या की हवावाले खाली उतरत. निखाऱ्यांची इस्त्री बाजूला ठेवून इस्त्रीवाली पुढे होई, "इथे लावा, इथे फार आहे" म्हणे, आणि ते तिथे पट्टी टांगत. गच्चीवरची पट्टी पांढरी राहिली. इस्त्रीच्या टेबलाशी ती पिवळट तपकिरी झाली. गल्लीच्या टोकाच्या न्हाणीघरातली काळपट पडली. हवावाले तिच्यासमोर उभेच राहिले. सगळ्या जगाला येणारा वास त्यांना आत्ता कुठे डोळ्यांनी दिसत होता.

त्या न्हाणीघरामागे गटाराचं झाकण होतं आणि पलीकडच्या, हाडांपासून सरस बनवणाऱ्या कारखान्याचं सांडपाणी तसंच्या तसं त्यात सुटत होतं. केमिस्टबाईंनी पट्ट्या साहेबांच्या टेबलावर ओळीने मांडल्या. साहेबांनी त्या उलटसुलट करून पाहिल्या आणि स्वतःच गटार खात्याला फोन लावला.

लगेच काही झालं नाही. कारखाना आज करतो, उद्या करतो म्हणत राहिला. गाळ काढून नेला, तर पंधरवड्याने वास परत आला. तोवर दोन कुटुंबं गल्ली सोडून गेली. शेवटी गटार खात्याने सांडपाण्याचा नळ तोडला आणि कारखान्याला ते आधी शुद्ध करणं भाग पडलं, तेव्हा कुठे इस्त्रीवालीचे गठ्ठे परत यायचे थांबले.

पुढे हवावाल्यांकडे आणखी दोन गच्च्या आल्या. नवीन ठिकाणी यंत्र सुरू केलं की ते आधी खाली उतरतात आणि तिथे दिवसभर बसणारं माणूस शोधतात, कधी चपला शिवणारा, कधी पहारेकऱ्याची बायको. शेजारी उकिडवे बसतात आणि म्हणतात, मला वास येत नाही, तुम्हाला काय येतो ते जरा सांगा. बहुतेक जण आधी हसतात. हवावाले हसणं संपेपर्यंत थांबतात.