अध्यक्षांनी दुरुस्त केलेला अरब

परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांना स्वतःला प्रवासी म्हणवून घ्यायची हौस होती. कॅसल हिलला मोठं घर, आयटीत वरची नोकरी आणि वर्षातून एक क्रूझ. जहाजावर मिळणाऱ्या जेवणाबद्दल ते तासभर बोलत. जहाज कुठल्या बंदराला लागलं होतं हे मात्र त्यांच्या बायकोला सांगावं लागे.

मी पॅरामॅटाला एका सरकारी खात्यात काम करते. इथे आले ती इतिहासात मास्टर्स करायला. युनी संपली, इतिहासाची नोकरी काही मिळाली नाही, पण वाचायची सवय राहिली. गेल्या वर्षी मी ट्रेनमध्ये एका अरब इतिहासकाराचं पुस्तक वाचत होते. अकराशे वर्षांपूर्वीचा हा माणूस, जन्माने बगदादचा. तरुणपणी घर सोडून निघाला तो इराण, सिंध करत आमच्या अलिबागजवळच्या चौलला पोचला. पुढे आफ्रिकेचा किनारा, कॅस्पियन समुद्र, सीरिया, इजिप्त. जाईल तिथे खलाशांना, व्यापाऱ्यांना, परधर्माच्या पंडितांना प्रश्न विचारायचा. ज्या कप्तानांबरोबर त्याने आफ्रिकेचा समुद्र ओलांडला, त्यांतले पुढे कोण कोण बुडाले हेही त्याने लिहून ठेवलंय.

हे मी एका बार्बेक्यूला बोलले, हीच चूक झाली. अध्यक्ष म्हणाले, महाराष्ट्रात आलेला अरब, फँटास्टिक विषय आहे, मंडळात टॉक मीच देतो, तू नोट्स काढून दे. मी दिल्या, कारण मला वाटलं, कुणाच्या का तोंडून होईना, लोकांना तो माणूस कळेल.

कार्यक्रम शनिवारी दुपारी, लायब्ररीच्या हॉलमध्ये होता. पहिल्याच स्लाइडवर वाळवंटातला उंट. माझा माणूस कितीतरी समुद्र जहाजांतून फिरला, पण अरब म्हटल्यावर उंट हवाच. दुसऱ्या स्लाइडवर चौलशेजारच्या रेवदंड्याचा किल्ला. ‘हे बघून तो थक्क झाला,’ असं अध्यक्ष म्हणाले. तो किल्ला पोर्तुगिजांनी त्यानंतर सहाशे वर्षांनी बांधला. मग आपली स्वच्छता, आपलं शौर्य, आपली विमानविद्या बघून अरबाने कशी तोंडात बोटं घातली, ते सांगून झालं. लोक माना डोलवत होते. मागच्या टेबलावर बटाटेवडे झाकून ठेवले होते आणि निम्म्या माना त्या दिशेला वळलेल्या होत्या.

मी वाट बघत होते ती चौलच्या भागाची. त्याने चौलला जे डोळ्यांनी पाहिलं ते असं: तिथे मुसलमान हजारोंनी राहत होते, त्यांतले कितीतरी तिथेच जन्मलेले. आणि त्यांचे तंटे सोडवायला तिथल्या हिंदू राजाने त्यांच्यातलाच एक माणूस नेमला होता. हे मी नोट्समध्ये सगळ्यात वर लिहिलं होतं. ते आलंच नाही. त्याने लिहिलेल्या चौलमधून फक्त विड्याचं पान आलं, कारण त्यावर एक विनोद करता येत होता.

मध्ये पाणी प्यायला ते थांबले तेव्हा मी पुढे जाऊन हळूच विचारलं, चौलचं का गाळलं?

ते म्हणाले, ‘अगं, वीकेंडला लोक रिलॅक्स व्हायला येतात. कशाला उगाच कॉन्ट्रोव्हर्सी?’

‘पुस्तक तुम्ही उघडून तरी बघितलंत का?’

‘समरी बघितली ना. इनफ असते.’

शेवटी आभार मानायला त्यांनी मलाच बोलावलं. मी आभार मानले. मग सांगितलं की या लेखकाने आपल्या पुस्तकात एक शाप घालून ठेवलाय. जो कुणी या पुस्तकाचा अर्थ बदलेल, त्यातलं काही गाळेल किंवा मोडतोड करेल, त्याच्यावर देवाचा कोप होवो, असा. ‘आज जे गाळलं ते मी आता सांगते,’ असं मी म्हणाले आणि चौलची हकिगत चार वाक्यांत सांगितली. अध्यक्ष हसले, ‘शापबिप सोडा, वडे गार होतायत,’ म्हणाले आणि हॉल एका मिनिटात टेबलाभोवती गोळा झाला. एकालाही प्रश्न पडला नाही. माझ्या ताटात कुणीतरी चटणी वाढली आणि माझ्या मुलीच्या सिलेक्टिव्ह स्कूलच्या प्रवेशपरीक्षेच्या तयारीचं विचारलं.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांच्या बायकोचा फोन आला. चारचौघांत असं बोलायला नको होतंस, ते रात्रभर अपसेट होते, म्हणाली. मी म्हटलं, ‘त्यांनी एका मेलेल्या माणसाच्या तोंडी खोटं घातलं, तेही चारचौघांतच.’ ती म्हणाली, ‘त्यांना खरंच माहीत नसतं गं.’ इतक्या वर्षांच्या संसारातून आलेलं ते वाक्य होतं आणि त्यात दया होती. मला मात्र तेवढीही आली नाही. माहीत नसणं मी समजू शकते. माहीत करून घ्यायची गरजच न वाटणं, आणि तरी माइक हातात धरणं, याची मला किळस येते.

पुढे डार्विन शहरातल्या मराठी मंडळाने त्यांना तोच टॉक द्यायला बोलावलं. तिथल्या हॉस्पिटलात माझी एक मैत्रीण नर्स आहे. तिला विचारलं, तर ती म्हणाली, बाहेर चिकचिक उकाडा होता, हॉलचा एसी मस्त होता, लोकांना खूप आवडलं. उंट होता का, विचारलं. होता, म्हणाली. आता त्यात विड्याचे दोन विनोद आहेत.

मंडळ मी सोडलं. शनिवारी दुपारी आता मी घरी वाचत बसते. तो अरब म्हातारपणी इजिप्तमध्ये राहिला आणि तिथेच गेला. त्याची बहुतेक पुस्तकं हरवली. शेवटच्या वर्षांतही तो आपलं जुनं लिखाण पुन्हा काढून, नवं कळलेलं त्यात घालत बसला होता. तसं करायला कुणी त्याला सांगितलं नव्हतं.