नानांचं एटीएम कार्ड आणि पट्ट्याचं पाऊच

परवा खंडेनवमीला सकाळी आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या घरात एक शोध लागला. तो लागला आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, टाचण्यांमुळे... पण श्रेय नाना घेताहेत, आणि आम्ही ते घेऊ देतोय.

नाना म्हणजे माझे सासरे. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, आता रिटायर झालेत. पेन्शनच्या खात्यासोबत त्यांना एटीएम कार्ड मिळालं, आणि त्याच सुमारास त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मोबाइल घेऊन दिला.

मोबाइलसाठी पट्ट्याला अडकवायचं काळं पाऊच मात्र त्यांनी स्वतः मेन रोडवरून पसंत करून आणलं. झाकण सोडलं की टप्पकन आपोआप बसायचं. त्या आवाजासाठी ते दिवसभर उगाच उघडझाक करत बसायचे... पाऊचला मागे एक कप्पा होता, त्यात कार्ड. सगळं एका जागी, म्हणून नाना खूश.

मग एक दिवस एटीएमने ते कार्ड परत दिलं. स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी नाराजी आली, आणि रांगेतला मागचा माणूस म्हणाला, "काका, पिन विसरलात वाटतं." झालं... नानांनी ते मनावर घेतलं.

बँकेने नवीन कार्ड दिलं. पहिल्यांदा मी सोबत गेले, तेव्हा नीट चाललं. पुढच्या वेळी नाना एकटे गेले आणि पुन्हा तोच प्रकार.

दुसरा कोणी असता तर मशीनला चार शिव्या देऊन मोकळा झाला असता. नानांनी तसं केलं नाही, याला कारण आहे.

सटाण्याला त्यांचे मोठे भाऊ असतात, अण्णा. कांद्याच्या व्यापारात आयुष्य गेलं, कोणाचा माल कुठल्या ट्रकने कुठे गेला हे त्यांना तोंडपाठ असायचं. हल्ली त्यांना काहीच आठवत नाही. उन्हाळ्यात आम्ही भेटायला गेलो, तेव्हा नानांकडे बराच वेळ बघून त्यांनी काकूंना विचारलं, "हाऊ कोन शे?"

हा कोण... सख्ख्या भावाबद्दल. येताना बसमध्ये नाना नाशिक येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते.

त्यामुळे कार्ड दुसऱ्यांदा अडलं तेव्हा त्यांनी निदान करूनच टाकलं. आता आपली पाळी. बोलले काहीच नाहीत, पण एटीएमला जाणं बंद केलं. गॅस बंद केलाय ना, हे परत परत बघायला लागले. बिल्डिंगमधली मुलं संध्याकाळी विज्ञान शिकायला यायची, त्यांनाही येऊ नका म्हणाले. चुकीचं शिकवलं तर मुलांचं नुकसान होईल, एवढंच आम्हाला सांगितलं.

आई रोज बदाम भिजवून द्यायला लागल्या. मी ब्राह्मीचं सिरप आणलं. नाना दोन्ही निमूटपणे घ्यायचे, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटायची... कारण निमूटपणे काही घेणाऱ्यांतले ते नव्हेत.

तर, परवा. पाटावर लाल कापड घालून आईंनी पूजेची हत्यारं मांडली. पक्कड, पाने, विळी, आणि त्या ब्लाउज शिवतात म्हणून कात्री आणि टाचण्यांची उघडी डबी. हल्ली मोबाइल हेच मोठं हत्यार, असं म्हणून मी नानांचं पाऊच डबीशेजारी ठेवलं.

आईंना कात्री मधोमध हवी होती, म्हणून पाऊच परत उचललं. झाकणाला टाचण्यांचा झुबका लटकत होता.

मी हसले. नाना हसले नाहीत. खुर्चीतून उठले, पाऊच हातात घेतलं, टाचण्या काढल्या, पुन्हा चिकटवून बघितल्या. सातवीच्या वर्गाला वर्षानुवर्षं चुंबक शिकवणारा माणूस झाकण टप्पकन बसवणाऱ्या त्या बटणाकडे बघत राहिला. मग त्यांनी मागच्या कप्प्यातून कार्ड काढलं आणि त्याच्या पाठीवरच्या काळ्या पट्टीवर बोट ठेवलं.

"ही पट्टी म्हणजे कॅसेटची टेपच की गं," ते मला म्हणाले.

खात्री केल्याशिवाय ऐकतील तर नाना कसले? कपाटातून जुनी आरत्यांची कॅसेट आली. आई म्हणत होत्या, "अहो, आधी पूजा करा, मग काय ते प्रयोग." पण ऐकतो कोण... नानांनी टेपच्या उघड्या भागावर पाऊचचं बटण घासलं आणि कॅसेट लावली. आरती सुरू झाली, मध्येच आवाज बुडाला, पुन्हा वर आला.

नानांनी टेप मागे घेऊन परत लावली. पुन्हा तिथेच आवाज बुडाला.

"या चुंबकाने कार्डाची पट्टी पुसली जात होती. म्हणजे मी पिन बरोबरच टाकत होतो," ते म्हणाले. आणि मग, इतके महिने जे बोलले नव्हते ते बोलले... "मला वाटलं, अण्णासारखं सुरू झालं."

आई त्यांच्याशेजारी येऊन बसल्या. नानांना रडताना मी पहिल्यांदाच बघितलं, आणि मला फार, फार बरं वाटलं. पूजा तासभर उशिरा झाली.

दुपारी त्यांनी स्वतःहून सांगितलं, उद्या दसऱ्याला सटाण्याला जायचं. उन्हाळ्यानंतर ते तिकडे फिरकलेच नव्हते. बसने पाठ दुखते म्हणायचे, आणि आम्हाला ते खरं वाटलं होतं.

काल अण्णांनी त्यांना ओळखलं नाही. नानांनी त्यांच्या हातात आपट्याची पानं दिली आणि शेजारी बसून टाचण्यांची सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली, वर्गात शिकवायचे तशी, हातवारे करून. अण्णा शेवटपर्यंत ऐकत होते. मग काकूंकडे वळून म्हणाले, "हाऊ मानूस चांगला शे."

नाना अजून थोडा वेळ थांबू म्हणाले. आम्ही शेवटच्या बसने परतलो.