म्बाह वागिराहची बुटकी चौकट

आमच्या तिंबुलरेजोत म्बाह वागिराहशी वाद घालून जिंकलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे. म्बाह म्हणजे आजी, पण ही आजी मायेने जवळ घेणाऱ्यांतली नव्हे. तिच्या टपरीवर तळलेलं टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, खायला गेलं की दोन तुकडे पोटात आणि चार टोमणे कानात घेऊनच परतायचं. मी वस्तीचा सचिव, दोन मुलांचा बाप, पण तिच्या लेखी अजून शेंबडाच.

जावाच्या या उत्तर किनाऱ्यावर भरतीचं पाणी गल्लीत येतं, चप्पल घेऊन जातं आणि कधीतरी परत आणून देतं, बहुतेक दुसऱ्याची. पाणी का येतं यावर टपरीवर रोज संसद भरायची. कोणी म्हणे परदेशातल्या धुराड्यांमुळे बर्फ वितळतंय, कोणी म्हणे नव्या बंदराने प्रवाह फिरवला. बांग देणारे काका सगळं आमच्या पापांवर ढकलून चहा मागवायचे. पण सगळ्यांत मोठा आवाज हाजी झुबैदींचा. त्यांचा बर्फाचा कारखाना आहे आणि त्यात तीन खोल बोअर अहोरात्र पाणी उपसतात. समुद्र कसा चढतोय, कुठल्या देशाने किती धूर सोडला, सगळं त्यांना तोंडपाठ. आणि ते म्हणत ते खोटंही नव्हतं. फक्त जमीन खचते, एवढे दोन शब्द त्यांच्या जिभेवर कधी आले नाहीत. खाई त्याला खवखवे.

म्बाहचं मत बरोबर उलटं. समुद्र आहे तिथेच आहे, त्याला काय पडलंय आमच्या घाणेरड्या गल्लीत यायला? जमिनीच्या पोटातलं पाणी शोषून घेतलं की ती बसणारच, असं ती हाजींच्या तोंडावर म्हणायची, आणि वर त्यांच्याच कारखान्याचा बर्फ सरबतात घालून त्यांना द्यायची.

नऊ वर्षांपूर्वी विद्यापीठातली मुलं आली. टपरीसमोर आमची गस्तीची चौकी आहे, चार लाकडी खांबांवर उभी, वर पत्रा. तिच्या एका खांबाला त्यांनी सेंटिमीटरची पट्टी ठोकली आणि म्बाहच्या हाती वही दिली. महिन्यातली सर्वांत मोठी भरती कुठवर चढली ते लिहायचं. म्बाहने एक महिना चुकवला नाही. तापाने फणफणली होती तेव्हाही छत्री घेऊन उभी राहिली आणि आकडा लिहूनच अंथरुणात शिरली. त्या वहीला दुसऱ्या कोणी हात लावलेला तिला खपत नसे.

गेल्या वर्षी जिल्ह्याचे साहेब हेंद्रातमो सभेला आले. सहा फुटांच्या वर उंच, बूट पॉलिश केलेले, आणि बोलणं इतकं मऊ की कुठे टोचलं ते मागाहून कळावं. किनाऱ्याला बंधारा बांधायचा होता आणि कुठल्या वस्त्या बंधाऱ्याच्या आत घ्यायच्या त्याची यादी त्यांच्या हातात होती. यादीत नाव नसेल तर ती वस्ती बंधाऱ्याबाहेर, म्हणजे समुद्रात.

साहेबांनी म्बाहची वही वर धरली. इतकी नीटस नोंद अख्ख्या जिल्ह्यात नाही, म्हणाले. म्बाहने पदर सावरल्यासारखी ओढणी सावरली. मग त्यांनी वाचून दाखवलं. पहिल्या वर्षी सर्वांत मोठी भरती तीस, तिसऱ्या वर्षी एकतीस, सहाव्या वर्षी तीस, यंदाही तीस.

"म्हणजे समुद्र चढलेला नाही," साहेब म्हणाले.

म्बाहने हाजींकडे असं पाहिलं की बिचारे टोपी काढून पुन्हा घालू लागले. चौदा वर्षांचा वाद जिल्ह्याच्या साहेबांनी तिच्या बाजूने निकालात काढला होता, आणि तोही भर सभेत.

"आणि जमीनही खचलेली नाही," साहेब पुढे म्हणाले. "पाणी जिथे होतं तिथेच आहे. तेव्हा तिंबुलरेजोला बंधाऱ्याची गरज दिसत नाही."

मला मात्र चौकी आठवली. दर ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यदिनाच्या आधी आम्ही सगळे मिळून वस्ती झाडतो, रंगवतो. चौकीत डॉमिनो खेळणाऱ्यांचे पाय भिजू नयेत म्हणून दरवर्षी चौघे खांदे लावतो, चौकी उचलतो आणि खांबांखाली विटांचे थर सरकवतो. नऊ वर्षं उचलली. खांबासकट उचलली. खांबाला ठोकलेल्या पट्टीसकट उचलली. एक कोपरा दरवर्षी माझ्याच खांद्यावर असायचा आणि "अजून थोडी वर घ्या रे, हाडं नाहीत का अंगात?" असं टपरीतून ओरडायची ती म्बाहच.

सगळ्यांना एकदमच आठवलं असावं, कारण सगळे म्बाहकडे बघत होते. बोलायला मीच हवं होतं. पण म्बाहच्या वहीला चूक म्हणायचं म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची. मी मूग गिळून बसलो, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

म्बाह उठली. चेहऱ्यावरून काही कळेना. तिने साहेबांसमोर रीतीप्रमाणे जरा वाकून वाट दाखवायला अंगठा पुढे केला आणि म्हणाली, "बापाक, जेवायची वेळ झालीय. माझ्याकडे धुरी दिलेल्या शिंगाळा माशाचं कालवण आहे, नारळाच्या रश्शातलं. गरिबाघरी दोन घास घ्या."

बापाक, म्हणजे मानाने ‘बाबा’, म्हटल्यावर, आणि तेही एवढ्या वयाच्या बाईने, साहेबांना नाही म्हणता येईना. सगळी सभा त्यांच्या मागे निघाली. म्बाहचं घर आलं, ती कमरेत मोडून सवयीने आत शिरली, आणि मागोमाग तिच्यासारखेच वाकून आत निघालेल्या साहेबांचं कपाळ चौकटीवर असं आदळलं की छपरावरच्या कोंबड्या उडाल्या. घरात उभं राहायचं नाही, गुडघ्यांवर यायचं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही सांगू शकलो असतो. पण म्बाहने मागे वळून डोळे वटारले होते.

"लागलं का, बापाक?" तिने आतून विचारलं. "माझ्या नवऱ्याने बसवली ही चौकट. दोन मीटरची. म्हणायचा, माझ्या घरात येणाऱ्याला मान वाकवावी लागू नये. आता जरा मोजता का? टेप असेलच खिशात."

साहेबांनी कपाळ चोळत, रांगत, मोजलं. ब्याऐंशी सेंटिमीटर भरली.

ते म्हणाले, चौकट मुळात दोन मीटरची होती याला पुरावा काय? प्रश्न रास्त होता. म्बाह परसातून पहार घेऊन आली. तिने ईदला घातलेली नवी पिवळी फरशी आम्हाला रोज दाखवून जीव नकोसा केला होता. पहिला घाव तिने त्या फरशीवरच घातला. मी पहार घ्यायला गेलो तर म्हणाली, "तू लांब राहा. तू चौकी उचलतोस तेवढं पुरे."

तेवढंच. चूक कबूल केल्याचं त्याहून जास्त तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

पिवळ्या फरशीखाली भराव, मग सिमेंट, पुन्हा भराव, निळी फरशी, पुन्हा सिमेंट. पाण्याच्या भीतीने घर आतून पाच वेळा उचललेलं, पहिल्यांदा चौदा वर्षांपूर्वी. नंतर नंतर आम्ही तिघं खणत होतो आणि ती कडेला बसून बघत होती. तळाशी लाल फरशी लागली. तिच्या नवऱ्याने, कारिमुनने, लग्नाच्या वर्षी स्वतः बसवलेली. दिसली, आणि लगेच खालून गढूळ पाणी वर आलं. म्बाहने त्या पाण्यात हात घालून फरशी चाचपली. तिचे डोळे भरले होते, आणि ते आम्ही पाहतोय याचा तिला राग आला होता.

साहेबांनी टेप सोडली. एकशे अठरा.

"बघा," हाजी दारातून वाकून म्हणाले, "समुद्र चढतोय म्हणून मी किती वर्षं सांगतोय."

"चला ना हाजी," म्बाह डोळे पुसून म्हणाली, "आता तुमच्याकडे."

वरात कारखान्यात गेली. पहिल्या बोअरचा पाइप चौदा वर्षांपूर्वी बसवला तेव्हा त्याचं तोंड जमिनीला टेकलेलं होतं, उद्घाटनाला नारळपाणी प्यायला सगळं गाव त्याभोवतीच बसलं होतं. पाइपचं बूड खूप खोल, घट्ट थरात. तो जागचा हलला नाही, भोवतालची जमीन मात्र खाली गेली. आता तोंडाशी पोचायला हाजींनी सहा पायऱ्या बांधल्यात. पायऱ्या कशाला, असं त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

"समुद्र वर आला, पाइपही वर आला," म्बाह म्हणाली. "मग खाली कोण गेलं, हाजी?"

साहेबांनी पाइप मोजला. एकशे दहा. त्यांनी आपल्या वहीत आकडे लिहिले. हे मोजमाप ढोबळ आहे, मोठी यंत्रं आणून नीट करावं लागेल, म्हणाले. पण ढोबळमानाने एकशे दहा जमिनीचे आणि उरलेले आठ समुद्राचे. हाजींनी मोठ्या आशेने मान वर केली. निदान आठ तरी त्यांचे होते. म्बाहला मात्र ते आठ कडू औषधासारखे गिळावे लागले.

तिंबुलरेजोचं नाव यादीत आलं. बोअर बंद करायचा विषय पुढच्या सभेवर गेला, तिथून त्याच्या पुढच्या. शिंगाळ्याचं कालवण साहेबांनी त्या दिवशी गुडघ्यांवर बसून खाल्लं आणि दोनदा मागून घेतलं.

खड्डा म्बाहने बुजवू दिला नाही. चौकीवरची पट्टी काढायला लावून ती खाली लाल फरशीवर उभी ठोकून घेतली. या ऑगस्टमध्ये आम्ही तिच्या घरात भराव टाकायला वाळू घेऊन गेलो, कारण आता तिच्या पिवळ्या फरशीवरही पाणी येतं आणि पलंगाचे पाय बुडतात. ती दारात आडवी बसली होती. घर उचललं की आकडा बिघडतो, म्हणाली, बंधारा होईपर्यंत इथे कोणी काही उचलायचं नाही. वाळू परत न्या.

मी आत डोकावलो. ती पलंगावर पाय वर घेऊन बसली आणि वही उघडून लिहू लागली. एकशे सव्वीस.