मामेसासऱ्यांचा कायदा

माझ्या मामेसासऱ्यांइतका कायद्याला भिणारा मालक वाळूजच्या एमआयडीसीत दुसरा झाला नाही आणि होणारही नाही. हे मी जावई म्हणून नाही, त्यांच्या कारखान्यात पंधरा वर्षं हजेरीपट सांभाळणारा माणूस म्हणून सांगतो. कारखाना केवढा, तर पत्र्याचे सुटे भाग काढणारे चार प्रेस आणि पंचवीस माणसं. पण दिल्लीत कामगार कायद्याचा काना-मात्रा हलला की यांची इथं झोप उडते. दर सोमवारी मशिनं सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना उभं करून नवं कलम वाचतात आणि वर गावाकडच्या बोलीत समजावतात. परवा चार नव्या संहिता लागू झाल्या, प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं ठरलं, तर यांनी कारखान्यात चहा करणाऱ्या मामींनाही पत्र दिलं. मामींनी ते नीट वाचलं आणि घरच्या स्वयंपाकाची साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी, एवढंच विचारलं. त्या रविवारी मामांनी पिठलं केलं. आम्ही ते खाल्लं, याहून जास्त काही बोलत नाही.

पण त्यांची खरी परीक्षा झाली ती त्याआधी काही वर्षं, भानुदासच्या वेळी. भानुदास त्यांच्याच गावचा, कन्नडजवळचा, मेंढपाळाच्या घरातला. पहिल्या दिवसापासून प्रेसवर. आमच्याकडं निवृत्ती अठ्ठावन्नला, नियम मामांनीच केलेला. आता आमच्या भागात गुरुजींच्या कृपेनं अर्धी प्रजा एक जूनला जन्मलेली. भानुदासच्या बापानं तर कहरच केला होता. मेंढ्यांमागं जाताना पोर कुठं ठेवायचं, म्हणून चार वर्षांचं पोर सहाचं सांगून शाळेत बसवून दिलं. त्यामुळं खऱ्या छप्पन्नाव्या वर्षी कागद त्याला घरी पाठवायला निघाला, आणि पोरीच्या नर्सिंगची दोन वर्षं अजून बाकी होती.

मामांनी त्याच्या बारशाच्या घुगऱ्या खाल्लेल्या. खरं वय त्यांना पक्कं ठाऊक. मी म्हटलं, राहू द्या की, कोण विचारतंय? तर माझ्यावरच डाफरले.

"जावईबापू, एकट्याला सूट दिली की ती मेहरबानी झाली. मला मेहरबानी नाय करायची."

स्वतः शाळेत जाऊन रजिस्टर बघून आले. तिथंही तेच. दोन दिवस कारखान्याच्या नियमांची वही चाळत बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी निवृत्तीचं वय साठ करायचं ठरवलं, सगळ्यांसाठी. बरं, करून मोकळं व्हावं ना! नाही. एकवीस दिवस आधी फळ्यावर नोटीस लावली आणि लेखी हरकती मागवल्या. हरकत एकच आली, तीही भानुदासची. पोरीकडून लिहून आणली होती: माझ्यापायी मालकांनी नियम मोडू नये. ती मी मामांपुढं ठेवली. मामांनी चष्मा पुसला, खाली लिहिलं, 'हरकत नामंजूर', आणि शिक्का मारला.

दोन वर्षं कशी गेली कळलंच नाही. पोरगी नर्स होऊन शहरात छावणी भागातल्या एका दवाखान्यात लागली. निरोपाच्या दिवशी मामांनी भानुदासला शाल दिली आणि सोमवारी खडाखडा कलमं वाचणारा हा माणूस चार ओळींचं पत्र वाचताना तीनदा अडखळला. शेवटी पत्र त्याच्या हातात देऊन म्हणाले, "आता माज्याकडं कोणतंच कलम उरलं नाय रे, भानुदास."

"लई झालं, मालक," भानुदास म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मामा कारखान्यात आले नाहीत. मामींच्या हाती मालकांचा रीतसर रजेचा अर्ज आला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'करमत नाही.' मी मंजूर केला.