फिरत्या कपाटातला डबा

तीळ भाजल्याचा वास आला की मला सासूबाईंचा नाव कोरलेला डबा आठवतो. वाशीत तेव्हा आम्ही नवीन होतो. शेजारी नन्सचा मठ होता. त्या कुणाला दिसत नसत आणि मौन पाळत. “शेजार आहे, संक्रांतीचे लाडू देऊन ये. पण डबा परत आण हं!” सासूबाईंनी बजावलं. मठाच्या भिंतीत वस्तू आत-बाहेर देण्याघेण्यासाठी लाकडी फिरतं कपाट होतं. त्यात डबा ठेवून मी सवयीने म्हटलं, “तिळगूळ घ्या, गोड बोला!” कपाट गर्रकन फिरलं, डबा आत गेला, आणि पुढे सगळं चिडीचूप. कितीतरी वेळ थांबले. शेवटी रडकुंडीला येऊन ओरडले, “गोड नका बोलू, पण डबा तेवढा द्या हो!” भिंतीपलीकडे एकदम खसखस पिकली आणि डबा केक घेऊन परत आला. मौन मोडल्याचं पाप त्यांना लागलं की मला, देव जाणे. डबा मात्र अजून माझ्याकडे आहे.